दाण्यात अर्धं तेल असूनही भुईमुगाचं रोप उपाशी का राहतं?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खरिपात निघालेल्या भुईमुगाचं घरचंच बी उन्हाळी पेरणीसाठी ठेवलं. पुढे घाई नको म्हणून डिसेंबरातच शेंगा फोडून दाणे प्लास्टिकच्या गोणीत भरले. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहिले, तर ऐंशी फुटले. त्या भरवशावर जानेवारीच्या शेवटी काळ्या जमिनीत पाभरीने पेरलं, लगेच पाट सोडून पाणी दिलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा भरपूर दिलं. रोपं मात्र निम्मीसुद्धा वर आली नाहीत. उकरून पाहिलं तर बहुतेक दाण्यांना बोटाच्या पेराएवढं पांढरं मूळ आलेलं, पण दाणा तसाच टणक, नखाने दाबला की तेल चमकणारा. त्याच दिवशी बांधाकडेला लावलेला मका मात्र उभा राहिला. म्हणून तुम्ही विचारलंत, "ज्या दाण्यात अर्धं तेलच आहे, त्याचं रोप उपाशी कसं मरतं?"

मी गेली तेवीस वर्षं बियाणं तपासण्याचं काम करते. दरवर्षी असे नमुने येतात आणि बहुतेक जण "उगवण कमी झाली" एवढंच सांगतात. तुम्ही उकरून पाहिलंत, दाणा दाबून पाहिलात, त्यामुळे अर्धं निदान तुमच्याच हातून झालं आहे. तुमची अडचण रुजण्याची नाही. तुमचं बी रुजलं, पण वर आलं नाही. या दोन कामांसाठी दाणा दोन वेगवेगळ्या शिध्यांवर जगतो. रुजायला तेल जवळजवळ लागतच नाही. वर यायला मात्र तेलच लागतं, आणि तेही तेल म्हणून चालत नाही, त्याची साखर व्हावी लागते. तुमच्या दाण्यांत ही साखर झाली नाही.

पुढे जाण्याआधी एक अट सांगते. मूळ पांढरं होतं आणि दाणा टणक होता, हे तुमचं वर्णन धरून मी बोलते आहे. मूळ तपकिरी, मऊ झालेलं असतं, किंवा मुळाच्या वरच्या मानेजवळ काजळीसारखी काळी भुकटी दिसली असती, तर मी आधी बुरशीचं नाव घेतलं असतं. ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी, तिने होणाऱ्या रोगाला आपण कॉलर रॉट म्हणतो. पुन्हा चार ठिकाणी उकरून हे एकदा बघून घ्या. बी किती खोल पडलं तेही तुम्ही लिहिलेलं नाही. शिफारस ५ सेंटिमीटरची आहे. पाभरीचा फण खोल गेला असेल तर पुढे सांगणार आहे ते सगळं आणखी कडक लागू होतं.

आता तेल दाण्यात येतं कसं तिथून सुरुवात करू, कारण बिघाड कुठे होतो ते त्याशिवाय कळत नाही.

पानात साखर तयार होते आणि ती आरीतून, म्हणजे फुलाजवळून निघून जमिनीत शिरणाऱ्या दांड्यातून, शेंगेत उतरते. शेंगेला तेल कुठूनही आयतं मिळत नाही, साखरच मिळते. ओल्या शेंगा उकडून खाताना कोवळा दाणा गोड लागतो आणि त्यात तेल जाणवत नाही, ते याचमुळे. साखर येऊन पोचलेली असते, तिचं तेल व्हायचं असतं. दाणा भरत जातो तसा गोडवा कमी होतो आणि तेल वाढतं. पेशीतल्या लवक नावाच्या बारीक कप्प्यांमध्ये साखरेचे तुकडे होतात आणि दोन-दोन कार्बन जोडत १६ किंवा १८ कार्बनची लांब साखळी बनते. हे मेदाम्ल. मग पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पडद्यांच्या जाळ्यावर अशी तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला जोडली जातात आणि तेलाचा एक रेणू तयार होतो. भुईमुगाच्या तेलाचा सुमारे ८० टक्के भाग ओलेइक आणि लिनोलेइक या दोनच मेदाम्लांचा असतो. ही नावं लक्षात ठेवा, साठवणीच्या वेळी लिनोलेइकची गाठ पुन्हा पडणार आहे.

तयार झालेलं तेल पेशीत तळं करून साचत नाही. ते बारीक थेंबांत बांधलं जातं. एक थेंब साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिड या मेदजन्य पदार्थाचा एकपदरी पापुद्रा असतो आणि त्यात ओलिओसिन नावाची प्रथिनं खिळ्यांसारखी रुतलेली असतात. या प्रथिनांमुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. दाणा वाळून कोरडा झाला, पुढे पाणी पिऊन फुगला, तरी थेंब सुटेच राहतात. माझ्या दृष्टीने दाण्यातली सगळ्यात मोलाची व्यवस्था हीच आहे. हे थेंब फुटून एक झाले असते, तर एन्झाइमला, म्हणजे पेशीतली कामं घडवणाऱ्या प्रथिनाला, काम करायला पृष्ठभागच उरला नसता. मोठ्या गोळ्यापेक्षा बारीक थेंबांना पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो, आणि तेल पचवण्याचं काम पृष्ठभागावरच होतं.

नव्याने कामाला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे दाखवते. भिजवलेल्या दाण्याचा नव्या ब्लेडने इतका पातळ काप घ्यायचा की त्यातून अक्षर वाचता यावं. त्यावर सुदान-३ या रंगाचे दोन थेंब टाकायचे. हा रंग फक्त तेलात विरघळतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोरड्या दाण्याची पेशी नारिंगी-लाल खसखस ठासून भरल्यासारखी दिसते, मोकळी जागाच नसते. तिसऱ्या दिवशीचा काप जवळपास तसाच असतो. सहाव्या-सातव्या दिवशी खसखस विरळ झालेली असते आणि पेशीच्या मध्यभागी पाण्याची मोठी पोकळी दिसू लागते. चांगल्या रोपाचं पंधराव्या दिवशीचं दल, म्हणजे दाण्याची अर्धी फाक, बघायला सूक्ष्मदर्शक लागतच नाही. ते चुरमडलेलं, लिबलिबीत, बोटाला तेल न लावणारं असतं. तुम्ही उकरलेला दाणा टणक आणि तेलकट होता म्हणजे त्याचा काप या दुसऱ्या टप्प्यावरच अडकलेला होता.

झाडाने तेलाचाच साठा का करावा, हाही तुमच्या प्रश्नातला एक धागा आहे. एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिठातून ४. वर तेल पाणी धरून ठेवत नाही, म्हणून वजनाला हलकं. लहानशा दाण्यात जास्तीत जास्त शिदोरी बांधायची तर तेल बरं. तीळ, करडई, सूर्यफूल, एरंड या सगळ्यांनी तोच मार्ग धरला आहे. मक्याने आणि ज्वारीने पिठाचा धरला, तेल फक्त कोंबात ठेवलं. पण तेलाची शिदोरी सोडायला कष्ट पडतात, आणि तुमच्या शेतात नेमकं तिथेच अडलं.

दाणा पाणी पितो तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत तो तेलाला फारसा हात लावत नाही. दाण्यात थोडी सुक्रोज असते, रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्यांवर श्वसन सुरू होतं, आदिमूळ, म्हणजे पहिलं मूळ, ताणलं जातं आणि साल फोडून बाहेर येतं. तुमच्या गोणपाटातल्या ऐंशी दाण्यांनी एवढंच सिद्ध केलं की ही खिशातली साखर शाबूत आहे. तेलाचं कोठार उघडतं की नाही हे त्या चाचणीत कळतच नाही.

याचा फार सुंदर पुरावा एका छोट्या झाडात मिळाला. ॲराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं रोप, संशोधक त्याच्यावर खूप काम करतात. २००६ मध्ये पीटर ईस्टमंड यांनी त्यातला एक दोष असलेला वाण अभ्यासला. त्याचं बी रुजायचं, मूळ काढायचं आणि तिथेच थांबायचं. खाली साखर घातलेलं माध्यम ठेवलं की तेच रोप वाढायचं. दोष होता तो तेलाच्या थेंबावर पहिला घाव घालणाऱ्या लायपेज एन्झाइममध्ये. त्या जनुकाचं नावच 'साखरेवर अवलंबून' अशा अर्थाचं ठेवलं गेलं. तुमच्या दाण्यांत जनुकाचा दोष नाही. पण उकरल्यावर तुम्हाला जे दिसलं, ते त्या रोपाचंच चित्र आहे.

कोठार उघडतं कसं? लायपेज थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि तेलाच्या रेणूतून मेदाम्लं तोडून मोकळी करतं. ही मेदाम्लं शेजारच्या एका बारीक कप्प्यात जातात, त्याला ग्लायऑक्सिझोम म्हणतात. तिथे साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडले जातात, १८ कार्बनच्या साखळीचे नऊ. आपल्या शरीरातही चरबीचे असेच तुकडे होतात. फरक यापुढे आहे. आपण ते तुकडे जाळून ऊर्जा घेतो, पण त्यांच्यापासून साखर बनवू शकत नाही. वनस्पती बनवते. ग्लायऑक्सिझोममध्ये दोन तुकडे जोडून चार कार्बनचा एक पदार्थ तयार होतो. तो पुढे मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशीच्या श्वसनाच्या कप्प्यातून, फिरतो आणि शेवटी पेशीद्रवात त्याची सुक्रोज होते. चार कार्बनमधले तीन साखरेत राहतात, एक कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

हा मार्ग बियांत सापडला तो आपल्या बांधावरच्या एरंडात. १९५७ मध्ये हॅन्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी रुजणाऱ्या एरंडीत हे चक्र दाखवून दिलं. पुढे १९६७ मध्ये बीव्हर्स आणि त्यांचे सहकारी ब्रायडेनबाख यांनी एरंडीतूनच तो कप्पा वेगळा काढून त्याला ग्लायऑक्सिझोम हे नाव दिलं. कोकणातल्या वाचकांना याचा पुरावा जिभेवर मिळालेला असेल. रुजलेला नारळ फोडला की आत पांढरा, भुसभुशीत गोळा निघतो. तो खोबरं शोषत वाढलेला असतो आणि गोड लागतो. खोबऱ्याच्या तेलातून झालेली साखर त्या गोडीत असते.

एवढा खटाटोप का, दलातलं तेल सरळ मुळाला का देत नाही, असं तुम्ही विचाराल. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते रसवाहिनीतून वाहून जाऊ शकत नाही. वाढ होते मुळाच्या टोकाशी आणि कोंबात, साठा आहे दलात. मध्ये नेणारी वाट फक्त पाण्याची आहे, आणि त्या वाटेवर साखरच चालते. नव्या पेशींच्या भिंती बांधायला सेल्युलोज लागतं, तेही साखरेचंच होतं. भुईमुगात तर कोंबाला आणि मुळाला साखर पुरवता पुरवता दलांखालचा जाड दांडा लांबवून दोन्ही दलं मातीच्या पृष्ठभागापर्यंत ढकलत न्यायची असतात. मका दाणा खालीच सोडून टोकदार कोंब सुईसारखा वर काढतो. भुईमूग सगळा संसार डोक्यावर घेऊन वर येतो.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. दाण्यात तेल आहे, थेंबांत बांधलेलं आहे, रुजण्यापुरती साखर वेगळी आहे. मूळ आल्यावर तेलाची साखर व्हायला हवी होती, ती झाली नाही. अडलं कुठे? माझ्या अनुभवात तीन जागा असतात: हवा, थंडी आणि साठवणीत थकलेलं बी. तुमच्याकडे तिन्ही थोड्याफार असाव्यात, पण मी हवेला पहिला मान देते.

तेल फोडायला प्राणवायू पिठापेक्षा जास्त लागतो. साखरेच्या रेणूत ऑक्सिजन आधीच भरपूर असतो, तेलात तो अगदी थोडा असतो, तो बाहेरून घ्यावा लागतो. ग्लायऑक्सिझोममध्ये साखळी तोडण्याच्या प्रत्येक फेरीत पहिल्या पायरीलाच ऑक्सिजन खर्च होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते विषारी असतं, म्हणून त्याच कप्प्यात कॅटालेज एन्झाइम ठासून भरलेलं असतं. घरी बघायचं असेल तर चार दिवसांचे मोड आलेले दाणे ठेचून वाटीत घ्या आणि त्यावर औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं ओता. लगदा फसफसून वर येतो. कॅटालेज काम करतंय त्याचा तो फेस. शाळकरी मुलांना हे नक्की दाखवा, फक्त तो लगदा नंतर कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

म्हणजे पहिले दोन दिवस दाण्याला हवा थोडी कमी पडली तरी निभतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, तेल फोडायची वेळ येते तेव्हा, हवेची गरज एकदम वाढते. आणि तुम्ही दुसरं भरपूर पाणी दिलंत ते नेमकं चौथ्या दिवशी. काळी जमीन पाणी पिऊन फुगते, आवळते, मातीतल्या बारीक पोकळ्यांतली हवा निघून जाते, वर पपडी धरते. दाणा पाण्यात सडला नाही, पण त्याचा श्वास कोंडला. मका त्याच ओलीत तगला, कारण पिठाळ बी तेलबियांपेक्षा कमी प्राणवायूवर काम चालवून घेतं. जुनी माणसं वापसा वापसा म्हणत बसायची ते याचसाठी. वापसा म्हणजे नुसती ओल नव्हे. ओल आणि हवा दोन्ही जमिनीत एकत्र असण्याची ती अवस्था आहे, आणि तेलबियांना ती सगळ्यात जास्त लागते.

थंडीबद्दल थोडक्यात. जमिनीचं तापमान १८ अंशांच्या खाली असेल तर भुईमूग रेंगाळतो. एन्झाइमची कामं मंदावतात आणि दाणा जमिनीत पडून राहिला की बुरशीला वेळ मिळतो. जानेवारीअखेर तुमच्याकडे पहाटेची थंडी किती होती यावर हे अवलंबून आहे. मका उगवला म्हणजे ती अगदीच कडक नसावी, म्हणून मी तिला दुय्यम धरते.

साठवणीवर मात्र जरा थांबते, कारण पुढच्या हंगामाची चूक इथेच सुधारता येईल.

तुम्ही लिहिलंत की दाणे दाताखाली कडक होते, म्हणजे वाळलेले होते. तेलबियांत हा अंदाज फसवतो. समजा दाण्यात ८ टक्के ओलावा आहे. गव्हात ८ टक्के म्हणजे खडखडीत कोरडं. पण १०० ग्रॅम भुईमुगात ८ ग्रॅम पाणी असेल, तर उरलेल्या ९२ ग्रॅममधलं सुमारे ४६ ग्रॅम तेल आहे, आणि तेलात पाणी मुरत नाही. म्हणजे ते आठही ग्रॅम उरलेल्या ४६ ग्रॅम प्रथिन-पिठातच आहेत. त्या भागापुरता हिशेब केला तर ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास जातो. दाण्याचा जिवंत, काम करणारा भाग तोच. एवढ्या ओलीत गहू ठेवायला तुम्ही धजला नसता. बीज प्रमाणीकरणात भुईमुगाला ओलाव्याची कमाल मर्यादा ९ टक्के आहे. ती मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो: बियांचा ओलावा एक टक्क्याने उतरवला की साठवणीचं आयुष्य सुमारे दुप्पट होतं, आणि साठवणीच्या जागेचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी तेवढंच.

साठवणीत तेल बिघडतं म्हणजे काय होतं, याबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं जुन्या बियांतलं तेल उडून जातं. एकूण तेल फारसं घटत नाही, तुमच्या दाण्यातही ते होतंच. बिघडतात ते पापुद्रे. लिनोलेइक आम्लात दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यामधल्या जागी हवेतला ऑक्सिजन सहज चिकटतो. मग साखळी पद्धतीने एकामागून एक रेणू बिघडत जातात. तेलाच्या थेंबात हे झालं की खवट वास येतो. पण लिनोलेइक पेशीच्या पापुद्र्यांतही आहे, मायटोकाँड्रियाच्या पापुद्र्यांतही आहे. तिथे थोडंसं बिघडलं तरी मोठं नुकसान होतं, आणि ते खवट वास यायच्या आधी झालेलं असतं. असा दाणा मूळ काढतो, कारण तेवढी ताकद उरलेली असते. पण तेलाची साखर करायला लागणारं श्वसन त्याला पेलत नाही. आम्ही प्रयोगशाळेत असे दाणे शुद्ध पाण्यात भिजवून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. पापुद्रे गळके असतील तर क्षार आणि साखर बाहेर झिरपते आणि आकडा वाढतो. घरी यंत्र नाही, पण पंचवीस-तीस अख्खे दाणे रात्रभर थोड्या पाण्यात ठेवून बघा. सकाळी पाणी गढूळ, चिकट झालं असेल तर ते बी खोल पेरायच्या लायकीचं नाही.

शेंगा आधी फोडून ठेवण्याने हा बिघाड लवकर येतो. टरफल हे भुईमुगाचं सगळ्यात स्वस्त कोठार आहे. फोडताना दाण्याची तांबडी सालही खरचटते, आणि ती साल गेली की ऑक्सिजनला आणि बुरशीला वाट मोकळी. आमच्या घरच्या शेतात एका वर्षी मीच सांगून शेंगा दीड महिना आधी फोडून घेतल्या होत्या, मजूर मिळत होते म्हणून. गोणपाटातली उगवण छान आली आणि शेतात सऱ्याच्या सऱ्या रिकाम्या राहिल्या. वडील काही बोलले नाहीत, पण त्यानंतर आमच्याकडे फोडणी पेरणीच्या आठवड्यातच होते. प्लास्टिकची गोणीही टाळा. दाणा पूर्ण वाळलेला नसेल तर आतली ओल आतच राहते.

भरताना अपुरे राहिलेले, सुरकुतलेले दाणे बियाण्यात ठेवू नका. त्यांत तेल कमी बांधलेलं असतं आणि मोकळी मेदाम्लं जास्त असतात, ते सगळ्यात आधी खवट होतात. ओलेइक जास्त असलेले नवे वाण आता आले आहेत. २०२० मध्ये प्रसारित झालेले गिरनार-४ आणि गिरनार-५ त्यातले, त्यांत ओलेइक ८० टक्क्यांच्या घरात आहे. त्यांचे दाणे आणि तेल खवट व्हायला जास्त वेळ लागतो. पण वाण बदलला म्हणून ओली शेंग कोठारात टाकायची मुभा मिळत नाही.

आता तुमच्या हातातल्या कामाकडे. शिल्लक बी वापरायचं की नाही हे गोणपाट सांगणार नाही, वाळू सांगेल. एक पसरट घमेलं किंवा खोका घ्या, तळाला भोकं पाडा. धुतलेली वाळू ओली करा, इतकीच की मुठीत गोळा होईल पण पाणी गळणार नाही. १०० दाणे न निवडता, हाताला येतील तसे घ्या आणि २५-२५ चे चार भाग करून ५ सेंटिमीटर खोल टोका. घरात, उबदार जागी ठेवा. पाचव्या दिवशी एकदा आणि दहाव्या दिवशी शेवटचं मोजा. फक्त वर आलेली, दांडा सरळ आणि मूळ धड असलेली रोपं मोजायची. प्रमाणित भुईमुगाला किमान ७० टक्के उगवण लागते. वाळूतला आकडा ७० च्या वर आला तर बी ठीक, दोष शेतातल्या पाण्याचा होता असं समजा. तो ५० च्या आसपास आला आणि गोणपाटात मात्र पुन्हा ८० फुटले, तर साठवणीने बी थकवलंय. मग ते खायला किंवा घाण्याला द्या. बुरशी दिसली किंवा खवट लागलं तर खायलाही नको. औषध चोळलेलं बी तर खायला किंवा घाण्याला कधीच जाता कामा नये.

नांगे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरायचे तर उशीर करू नका. उगवलेल्या रोपांत आणि नव्यांत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर मागून आलेली रोपं सावलीत दबतात. पण त्या घाईत ओल्या चिखलात टोकू नका. जमीन वापशावर येऊ द्या, पपडी खुरप्याने हलकी फोडा, बी ताजं फोडलेलं घ्या, थायरम या बुरशीनाशकाची किंवा ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया करा आणि ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. आंबवणीचं, म्हणजे पेरणीनंतरचं पुढचं, पाणी हलकं द्या. तुषार असेल तर उत्तम, नसेल तर पाट अर्धा सोडा. पुढच्या वर्षी आधी ओलवून, वापसा आल्यावर पेरा, म्हणजे पेरल्यावर लगेच मोठं पाणी द्यायची वेळच येणार नाही. रुंद वरंबा करून पेरलंत तर काळ्या जमिनीतही दाण्याभोवती हवा राहते.

जी रोपं वर आली आहेत त्यांची काळजी नको. दलं उजेडात आली की हिरवट होतात, आणि तेल संपत येतं तसे तेच ग्लायऑक्सिझोम आपलं काम बदलून पानातल्या पेशींसारखे पेरॉक्सिझोम होतात. पहिले आठ-दहा दिवस रोप दलांवर जगतं, त्यानंतर पानांची साखर पुरते. पानं तेलाचा साठा करत नाहीत. पेशींचे पापुद्रे बांधायला लागतील तेवढी मेदाम्लं रोज बनवतात आणि रोज वापरतात. परागकणात मात्र पुन्हा तेलाचे थेंब भरलेले असतात, परागनलिका वाढवायला तीच शिदोरी. आणि आऱ्या जमिनीत गेल्या की साखरेचं तेल करण्याचं काम शेंगेत पुन्हा सुरू होतं. तेव्हा कॅल्शियम पुरवणारं जिप्सम विसरू नका. कॅल्शियम कमी पडलेला दाणा बियाणं म्हणून कमजोर निघतो.

वाळूतली चाचणी झाली की मला तीन गोष्टी कळवा: दहाव्या दिवसाचा आकडा, वर न आलेल्या दाण्यांपैकी किती टणक आणि किती मऊ निघाले, आणि वर आलेल्या रोपांची दलं त्या दिवशी चुरमडायला लागली होती की अजून गच्च होती. दलं गच्च आणि रोप खुजं असेल, तर उरलेल्या बियांवर पैसे घालू नका असंच मी सांगेन.